सहावं आउटपुट

अनघाचा फोन आला तेव्हा हेमांगी सिन्नरच्या एका शाळेच्या सभागृहात शिडीवर उभी होती. रंगमंचावरच्या दिव्यांना नवा कंट्रोलर बसवला होता आणि कुठल्या आउटपुटवर कुठला दिवा लागतो ते ती एकेक करून पाहत होती.

"ताई, कामात आहेस?"

"शिडीवर आहे. बोल."

"आधी खाली उतर."

हेमांगी उतरली. धाकट्या बहिणीच्या आवाजात काहीतरी चुकत होतं. आवाज रडवेला नव्हता, चिडकाही नव्हता. फारच गुळगुळीत होता.

"मी श्रीरंगकडे परत जातेय," अनघा म्हणाली. "आज सगळं बोलणं झालं. शुक्रवारी सह्या."

हेमांगी रंगमंचाच्या कडेवर बसली. मे महिन्यातली ती संध्याकाळ तिला आठवली. अनघा एका पिशवीत चार कपडे कोंबून दारात उभी होती, दोन्ही तळहात लाल झालेले. दुपारी नवऱ्याशी शब्दाला शब्द झाला होता. ती गॅलरीत कपडे काढायला गेली आणि श्रीरंगने आतून काचेच्या दाराला कडी घातली. मग तो ऑफिसला निघून गेला. फोन आत, पाणी आत, गॅलरीवर पश्चिमेचं ऊन. समोरच्या इमारतीतल्या बाईंनी पाहिलं म्हणून वॉचमन वर आला. त्याआधी नोकरी सुटली होती, मैत्रिणी सुटल्या होत्या, फोनचा पासवर्ड त्याला ठाऊक असायचा. त्या संध्याकाळी अनघा म्हणाली होती, "त्या घराचा उंबरा मी पुन्हा चढणार नाही." तेव्हापासून ती हेमांगीकडेच राहत होती. आईवडील गेल्यावर दोघींना दोघीच होत्या.

"त्यानं माफी मागितली, ताई. सगळं कबूल केलं. रडला."

"आणि तू?"

"मला रागच आला नाही. मी शोधला. खरंच शोधला. नव्हताच."

हेमांगीने विचारलं, "कुठल्या खोलीत बसला होतात?"

"खोलीचं काय त्यात? तीन नंबर."

त्या खोलीचे दिवे हेमांगीनेच लावून दिले होते.

* * *

घटस्फोटाचा अर्ज कोर्टापुढे जाण्याआधी मध्यस्थी सक्तीची झाली, तशी शहराशहरांत खासगी मध्यस्थी केंद्रं निघाली. ज्या केंद्रात जास्त जोडपी समेटाला येत, त्या केंद्राकडे जास्त प्रकरणं पाठवली जात. नाशिकला गंगापूर रस्त्यावरचं 'सुसंवाद' त्यात सगळ्यात पुढे होतं. हेमांगी ज्या कंपनीत होती, त्या कंपनीने तिथल्या सगळ्या खोल्यांना दिवे पुरवले होते आणि हेमांगीने त्यांची जुळणी केली होती.

जुळणी म्हणजे काय, हे लोकांना सांगताना ती उदाहरणासाठी नेहमी स्वयंपाकघरात शिरायची. आताचे दिवे एका रंगाचे नसतात. एकाच दिव्यात लाल, हिरवे, निळे, पिवळे असे वेगवेगळ्या रंगांचे बारीक दिवे असतात आणि त्यांच्या मिश्रणातून पांढरा उजेड तयार होतो. कंट्रोलरच्या प्रत्येक आउटपुटला एकेक रंग जोडलेला. कुठलं आउटपुट किती चढवायचं, किती उतरवायचं, किती सावकाश, आणि हुकूम कोणाचा ऐकायचा, हे सगळं ठरवून द्यावं लागतं. गंमत अशी की पांढरा उजेड बऱ्याच मिश्रणांतून साधतो. एकीने आमटीत चिंच घातली, दुसरीने आमसूल. जिभेला दोन्ही आंबट. पण पोटाला फरक कळतो.

डोळ्याचंही तसंच आहे. डोळ्याच्या पडद्यावर काही पेशी अशा असतात की त्या चित्र बघतच नाहीत. दिवस आहे की रात्र, जागं राहायचं की निवायचं, एवढंच त्या मेंदूला कळवतात, आणि त्यांना सगळ्यात जास्त कळतो तो निळ्या-हिरव्याच्या मधला, समुद्राच्या उथळ पाण्यासारखा रंग. पांढऱ्या उजेडात तो किती मिसळला आहे, हे आपल्याला दिसत नाही. त्या पेशींना मात्र कळतं. हे सगळं जुनं ज्ञान. नवीन गोष्ट काही वर्षांपूर्वी कळली. हा रंग श्वासाच्या लयीत हळूहळू कमीजास्त केला तर माणसाचा श्वास त्याच्यामागे जायला लागतो. श्वास मंदावला की मेंदूतलं भीतीचं आणि संतापाचं केंद्र थंडावतं. छताला बसवलेले सेन्सर खोलीत माणूस आहे का हे बघण्यासाठी होते, पण ते छातीची हालचालही टिपत. म्हणजे दिव्याने आधी माणसाच्या श्वासामागे चालायचं आणि मग नकळत त्याच्या पुढे व्हायचं. बाकीचे रंग त्याच वेळी उलटे कमीजास्त करायचे, की उजेड पांढराच राहतो. भिंत पांढरीच दिसते.

तीन नंबरच्या खोलीत हा रंग सहाव्या आउटपुटवर होता. केंद्राने मागितला नव्हता म्हणून हेमांगीने ते आउटपुट बंद करून दिलं होतं.

* * *

संध्याकाळी घरी आली तेव्हा अनघा कपड्यांच्या घड्या घालत होती. दुपारचा गुळगुळीतपणा गेला होता. तीच ओढणी ती पुन्हा पुन्हा घडी करत होती.

"जिना उतरताना एकदम वाटलं, मी काय बोलून बसले?" ती म्हणाली. "पण शब्द देऊन झाला होता. मग वाटलं, राग गेला असेल तर चांगलंच की. किती दिवस धरून बसायचं?"

"पहिल्या बैठकीला राग होता?"

"जाताना असायचा. आत गेल्यावर ओसरायचा. सबनीस मॅडम फार छान बोलतात गं."

"झोप आल्यासारखं व्हायचं?"

अनघाने घडी खाली ठेवली. "ताई, तू मला तपासतेस का? तुला मी जायला नकोय, एवढं सरळ सांग ना."

हेमांगीला ते सांगता आलं नाही. नुसत्या संशयावर बोललं तर बहीण म्हणेल, हिला प्रत्येक गोष्टीत विजेच्या तारा दिसतात. आणि खरंच तसं असलं तर? अनघाचा राग आपोआप विझला असेल, माणसं बदलत असतील, आणि आपल्यालाच ते बघवत नसेल तर?

दुसऱ्या दिवशी सकाळी कडाक्याची थंडी होती. मोरपंखी शाल पांघरून हेमांगी स्कूटरवरून 'सुसंवाद'ला गेली. वार्षिक तपासणीला आले आहे, असं सांगितलं. केंद्राच्या प्रमुख मध्यस्थ माधुरी सबनीस स्वतः बाहेर आल्या. साठीच्या, सुती साडीतल्या, हसऱ्या. आवाज असा की बँकेत रांगेत उभ्या असल्या तरी माणूस त्यांना मनातलं सांगेल.

"या, या. तुमचे दिवे आल्यापासून आमच्याकडे कपबश्या फुटायच्या थांबल्या," त्या म्हणाल्या.

त्या हसल्या. हेमांगीही हसली, पण ते वाक्य तिने मनात बाजूला काढून ठेवलं.

कंट्रोलर व्हरांड्यात होता, शिवणाच्या डब्याएवढा. तिने झाकण उघडून पडद्यावर बघितलं. पहिली पाच आउटपुटं जशीच्या तशी होती. सहावं 'राखीव' असं दाखवत होतं. पण हुकूम कोणाचा ऐकायचा, या सेटिंगपुढे तिने 'एकच स्रोत' ठेवलं होतं, तिथे आता 'दोन स्रोत' होते, आणि अग्रक्रम दुसऱ्याला होता. खोलीतल्या बटणांनी काहीही सांगितलं तरी दुसरा कुणीतरी, बाहेरून, आपलंच खरं करू शकत होता. तो कोण, हे डबा सांगत नव्हता.

"काही अडचण?" सबनीस मागे उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

"नाही. खोली बघू का तीन नंबर?"

"चला ना. रिकामीच आहे. तिथेच चहा घेऊ."

खोलीत गोल टेबल, चार खुर्च्या, पांढऱ्या भिंती, खिडकीला जाड पडदे. हेमांगी मुद्दाम भिंतीकडे बघत बसली. भिंत स्थिर होती. कणभरसुद्धा फरक नाही. चहा आला. सबनीस बोलू लागल्या, बहिणी-बहिणींबद्दल, थोरलीवर लहानपणापासून पडणाऱ्या ओझ्याबद्दल. "अनघा तुमची बहीण ना? मला माहीत आहे. तुमचं वाईट वाटणं मी समजू शकते. पण सांभाळणं आणि धरून ठेवणं यांत फरक असतो, नाही का?"

हेमांगीने खाली बघितलं. मांडीवरची मोरपंखी शाल हलके हलके रंग बदलत होती. आता निळ्याकडे झुकलेली, आता हिरव्याकडे, मग पुन्हा निळी, झोपलेल्या बाळाच्या पोटासारखी वरखाली. छान रंग आहे, असं तिला वाटलं. सेलमध्ये घेतली होती, पण कापड चांगलं निघालं.

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली.

"तुम्ही तिला समजवा. तुमचं ती ऐकते."

"समजावते."

ती बाहेर आली, सबनीसांना नमस्कार केला, जिना उतरली. स्कूटरपाशी उभं राहून हेल्मेटचा पट्टा लावताना तिचे हात थांबले. थंड वारा सुटला होता आणि शाल तिच्या खांद्यावर मुकाट्याने मोरपंखी होती. एकच रंग. हलत नव्हती.

पांढरी भिंत सगळे रंग सारखेच परतवते, म्हणून मिश्रण बदललं तरी ती तशीच पांढरी दिसते. पण मोरपंखी कापड नेमका तो मधला रंगच जास्त परतवतं. हे हेमांगीला कॉलेजपासून ठाऊक होतं. ती ज्यासाठी आली होती ते तिच्या मांडीवर तिला दिसलं होतं, ठसठशीत दिसलं होतं, आणि तिला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. 'समजावते' असं ती म्हणाली होती. स्वतःच्या तोंडाने.

तिने हेल्मेट काढून हँडलला अडकवलं.

* * *

ती आत गेली नाही. फाटकाबाहेरून तिने सबनीसांना फोन केला. "मॅडम, जरा खाली येता? अंगणात. आत नको."

सबनीस आल्या, पदर अंगाभोवती घट्ट लपेटून. हेमांगीच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी बहाणे केले नाहीत.

"शांत मोड म्हणतात त्याला," त्या म्हणाल्या. "तुमच्याच कंपनीच्या लोकांनी लांबून चालू करून दिला. तुम्हाला सांगितलं असेल असं मला वाटलं होतं."

"आणि इथे येणाऱ्या लोकांना?"

"खोलीतला उजेड सुखद ठेवला जातो, असं आम्ही सांगतो."

"सुखद!"

"हेमांगीताई, मी आयुष्य कोर्टाच्या व्हरांड्यात काढलं आहे. पोरांना दोन्ही हातांनी ओढणारी जोडपी बघितली आहेत. इथे निदान एकमेकांचं वाक्य पूर्ण होऊ देतात. राग थोडा खाली बसवला, त्यात कुणाचं काय वाईट केलं?"

"कुणाचा राग?"

"दोघांचाही. अगदी सारखा."

"दोघांचा राग सारखा नाही, मॅडम. त्याच्या रागानं कडी घातली. तिच्या रागानं ती त्या घरातून बाहेर पडली. तुम्ही दोन्ही पुसलेत आणि वर म्हणता, समेट झाला."

सबनीस जमिनीकडे बघत म्हणाल्या, "आणि तुमच्या घरी तिनं इतके महिने काय ऐकलं? तुमचंच ना? तिथे दिवा नव्हता, एवढंच."

हेमांगी वळून स्कूटरकडे चालू लागली. सबनीसांना एक गोष्ट माहीत नव्हती. दिवा तिथेही होता.

* * *

घरी परतून ती कामाच्या टेबलाशी बसली. अनघा नोकरीच्या एका मुलाखतीला गेली होती. लॅपटॉप उघडला. 'सुसंवाद'च्या कंट्रोलरची ऑनलाइन किल्ली अजून तिच्याकडे होती. दुसरा स्रोत बंद करायचा, सहावं आउटपुट शून्यावर आणायचं. मिनिटाचं काम. शुक्रवारी अनघा त्या खोलीत जाईल, श्रीरंग समोर बसेल, आणि तिचा राग जागच्या जागी असेल. ती सही करणार नाही. इथेच राहील. कुणाला काही कळणार नाही, सबनीसांनासुद्धा नाही.

सेटिंगचं पान उघडून हेमांगी बघत राहिली. आपण हे आधीही केलं आहे, ही जाणीव तिला फार वेळ टाळता आली नाही. मे महिन्यात अनघाला झोप लागत नव्हती. रात्र रात्र ती पलंगावर बसून राहायची. हेमांगीने तिच्या खोलीतला आणि हॉलमधला दिवा गुपचूप बदलून घेतला, संध्याकाळनंतर तो मधला रंग काढून टाकला, सकाळी वाढवला. आठवड्याभरात अनघा झोपायला लागली. हेमांगीला इतकं बरं वाटलं की सांगायचं राहूनच गेलं. आणि मग सेटिंग तसंच राहिलं.

तिने लॅपटॉप मिटला.

अनघा आली ती खुशीत होती. मुलाखत बरी झाली होती. हेमांगीने तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. सहावं आउटपुट, दोन स्रोत, शाल, आपलं स्वतःचं 'समजावते'. अनघाचा चेहरा हळूहळू बदलत गेला, पण हेमांगीला वाटलं होतं तसा नाही.

"म्हणजे तो रडला ते?" तिने शेवटी विचारलं.

"माहीत नाही. तोही त्याच उजेडात होता."

"आणि मी माफ केलं ते?"

"तेही माहीत नाही."

अनघा उठली. खिडकीपाशी गेली. परत आली. मग तिची नजर छताकडे गेली आणि तिथेच थांबली.

"ताई, तुझ्या घरातले दिवे कोण ठरवतं?"

हेमांगीने खोटं बोलायचा विचार केला. एक श्वासभर केला. मग सांगितलं.

"तुला झोप लागत नव्हती गं. मला बघवत नव्हतं."

"मला विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं."

"माहीत आहे."

"मग का नाही विचारलंस?" अनघाचा आवाज चिरकला. "मी ऑगस्टमध्ये म्हणत होते, हॉस्टेल बघते, वेगळी राहते. रोज सकाळी ठरवायचे आणि संध्याकाळी वाटायचं, जाऊ दे, इथेच बरं आहे. ते मला वाटत होतं की तुझ्या दिव्याला?"

"फक्त झोपेसाठी केलं होतं, अनू."

"खरं सांग. फक्त झोपेसाठी?"

हेमांगीला खरंच ठाऊक नव्हतं. त्या दिवसांत संध्याकाळी बहीण पायाशी पाय जुळवून सोफ्यावर बसायची, टीव्ही बघता बघता पेंगायची, आणि घरात कुणीतरी आहे याचं आपल्याला किती सुख वाटायचं, ते तिला आठवत होतं. सेटिंग बदलायचं विसरून गेले, असं ती स्वतःला सांगत आली होती. आता तेही तिला पटेना.

अनघाने आपल्या खोलीतला दिवा बंद केला. बाजारातून एक साधा टेबललॅम्प आणला, एकच बटण असलेला. शुक्रवारपर्यंत दोघी एका घरात राहिल्या, पण जेवायला एकत्र बसल्या नाहीत.

* * *

शुक्रवारी निघताना अनघा म्हणाली, "चल. पण तू बोलायचं नाहीस. काही झालं तरी."

'सुसंवाद'च्या दारात श्रीरंग आधीच येऊन उभा होता. इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. हेमांगीला बघून त्याचा चेहरा आवळला. "ताई कशाला? आपल्या दोघांचं ठरलंय ना?"

अनघा आत गेली आणि एक प्लास्टिकची खुर्ची उचलून अंगणात आणली. मग दुसरी, मग तिसरी. कडुनिंबाच्या सावलीच्या बाहेर, उघड्या उन्हात मांडल्या. डिसेंबरचं ऊन होतं, अंगावर घ्यावंसं. रस्त्यावरून बस जात होती, कुणीतरी हॉर्न वाजवत होतं.

"मॅडम, आज इथे बसू," ती सबनीसांना म्हणाली.

सबनीसांनी हेमांगीकडे बघितलं, मग अनघाकडे. वाद न घालता त्या येऊन बसल्या. हेमांगी फाटकाजवळ उभी राहिली, ऐकू येईल इतक्या अंतरावर.

"हे काय आता?" श्रीरंग म्हणाला. "आत बसू की नेहमीसारखं."

"बसू. आधी एक कर. सोमवारी आत जे बोललास, ते इथे बोल."

"सगळंच बोललो होतो."

"तेच पुन्हा."

श्रीरंग बसला. पुडा मांडीवर ठेवला. घसा खाकरला. "मी चुकलो," तो म्हणाला. "मला मान्य आहे."

"काय चुकलं?"

"ते... गॅलरीचं."

"गॅलरीचं काय?"

"अगं, मला उशीर होत होता. मीटिंग होती. तू ऐकूनच घेत नव्हतीस, मला वाटलं पाच मिनिटं शांत होशील, आणि मग घाईत..." तो थांबला. आपण भलत्याच वाटेला लागलो हे त्याच्या लक्षात आलं असावं. "म्हणजे चूक माझीच. पण तूसुद्धा त्या दिवशी..."

"आत तू असं म्हणाला नव्हतास," अनघा म्हणाली. तिचा आवाज खालीच होता. "आत म्हणालास, तू काचेवर हात मारत होतीस ते मला जिन्यापर्यंत ऐकू येत होतं. आणि मी गेलो. मुद्दाम गेलो. असं म्हणालास आणि रडलास."

श्रीरंगने फाटकाकडे बघितलं. रस्त्यावरच्या माणसांकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले होते.

"इथे सगळ्यांसमोर तमाशा करायचाय का तुला? ताईंनी भरवलंय हे. मला माहीत आहे, त्या दिव्याबिव्याचं काम करतात, काहीतरी खटपट करून ठेवली असेल..."

"ती काही बोललेली नाही. मी विचारतेय. ऐकू येत होतं की नव्हतं?"

श्रीरंगची बोटं पुड्याच्या दोरीशी चाळा करू लागली. सबनीस पुढे वाकल्या, नेहमीचं काही मऊ वाक्य बोलायला तोंड उघडलं, आणि मग न बोलता मागे टेकल्या. श्रीरंगने डोळे मिटले. त्याचे ओठ हलले. हेमांगीला दिसत होतं, तो नाटक करत नव्हता. शब्द त्याच्या गळ्याशी येत होते आणि तिथून मागे फिरत होते. जन्मभर ज्याने कुणापुढे मान खाली घातली नाही अशा माणसाला उन्हात, रस्त्याच्या कडेला, ते एक वाक्य उचलत नव्हतं. आतल्या दिव्याच्या करामतीबद्दल त्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. तरी तो डोळे उघडून अगदी हळू, जवळजवळ काकुळतीने म्हणाला,

"आत चल ना, अनू. आत मला बोलता येतं."

हेमांगीला त्या माणसाची आयुष्यात पहिल्यांदा कीव आली.

अनघाही त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ती हलली नाही.

"मलाही आत माफ करता येतं," ती म्हणाली. "म्हणूनच नको."

ती उठली. आणलेल्या तिन्ही खुर्च्यांपैकी आपली तेवढी उचलून तिने परत दारात नेऊन ठेवली आणि फाटकातून बाहेर पडली. हेमांगीच्या शेजारून गेली तेव्हा थांबली नाही.

* * *

सह्या झाल्या नाहीत. प्रकरण कोर्टात गेलं आणि अनघाने शेवटपर्यंत लढवलं. हेमांगीने कंपनीचा राजीनामा दिला आणि शांत मोडबद्दल तक्रार केली. चौकशीत कंपनी म्हणाली, दिवे आरामासाठी होते. सबनीसांनी मात्र कुणाला अपेक्षा नव्हती तशी साक्ष दिली. मला माहीत होतं आणि मी कुणालाच सांगितलं नाही, एवढंच त्या म्हणाल्या. केंद्र बंद झालं. तिथे समेट झालेल्या जोडप्यांना कळवण्यात आलं, तेव्हा काही पुन्हा कोर्टात आली, बरीचशी आली नाहीत. एका बाईने हेमांगीचा नंबर शोधून फोन केला आणि तिला फाडून खाल्लं. "आमचं बरं चाललं होतं. आता तो प्रेमानं बोलला तरी मी आधी वर दिव्याकडे बघते. काय मिळालं तुम्हाला?" हेमांगीने ऐकून घेतलं.

अनघाला ती नोकरी मिळाली. ती आधी आडगावच्या एका हॉस्टेलवर राहिली, मग पंचवटीत एक खोली घेतली. पत्ता तिने हेमांगीला कळवला नाही. हेमांगीने घरातले सगळे कंट्रोलर काढून टाकले आणि भिंतीवर साधी बटणं बसवली, तरी संध्याकाळी सोफ्यावर एकटीने बसलं की बरं वाटतंय ते कशाने, असा प्रश्न तिला पडायचाच. बहिणीला ती मधूनमधून मेसेज पाठवी. उत्तर यायचं नाही. पण मेसेज वाचला जायचा, तेवढ्यावर ती दिवस काढत होती.

त्या डिसेंबरनंतरची दुसरी होळी होऊन गेल्यावर एका सकाळी फोन वाजला.

"रविवारी ये," अनघा म्हणाली. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. "पत्ता पाठवते."

"येते," हेमांगी म्हणाली. "किती वाजता येऊ?"

पलीकडे गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"दिवसा ये."